मखमलचा तळहात

त्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीबुकात होतं आणि ते तिथेच राहिलं. बाहेर सगळे त्याला मखमल म्हणत. माणूस म्हणाल तर अजिबात मखमली नव्हता. दाढीचे खुंट कायम वाढलेले, आवाज फुटक्या पत्र्यासारखा, आणि स्वभाव असा की सकाळी कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर हा म्हणायचा, "का? वाईट असावं असं वाटतंय का तुला?" त्याच्या बायकोला शेजारणी मागून 'मखमलीण' म्हणायच्या आणि तिला ते ठाऊक होतं. "मखमलीण नाही, काचपेपर आहे मी," ती म्हणायची, "नाहीतर या माणसाला एवढी वर्षं घासूनपुसून कोणी ठेवलं असतं?"

नाव पडलं ते त्याच्या कामावरून. कारखाना लाकडी सामानाचा. पलंग, टेबलं, कपाटं, जिन्याचे कठडे. थोरल्या मालकांनी तिथे एक नियम घालून दिला होता. लाकूड रंधून, घासून झालं की पॉलिशला जाण्याआधी एका माणसाने त्यावरून हात फिरवायचा, आणि तोही डोळे मिटून. थोरले मालक म्हणायचे, डोळा उजेडाला भुलतो, तळहात कुणाला भुलत नाही. हात फिरवणाऱ्याने एकच शब्द बोलायचा. माल ठीक असेल तर "मखमल", नसेल तर "परत". मखमल म्हटलं की खडूची खूण करायची आणि माल पुढे. परत म्हटलं की ज्याचा माल त्याने निमूट उचलून पुन्हा घासायला घ्यायचा. त्यावर अपील नाही.

एकतीस वर्षं तो तळहात आमच्या या गृहस्थाचा होता. थोरले मालक गेले, त्यांची मुलगी गादीवर बसली, पण खडू याच्याच खिशात राहिला. मालकीणबाई लहानपणी त्याच्या मांडीवर बसून भुशात हात घालायच्या, त्यामुळे त्या त्याला काका म्हणत. काकांनी त्याचा फायदा घेतला नाही असं म्हणता येणार नाही. नवी कानस पाहिजे, खिडकीजवळची जागा पाहिजे, चहा पहिला पाहिजे. पण हात होता. केसाएवढं कुसळ उभं असलं तरी तो थांबायचा, मिटल्या डोळ्यांनीच कपाळाला आठी घालायचा आणि म्हणायचा, "परत."

हे 'परत' सगळ्यात जास्त वेळा ज्याच्या वाट्याला आलं तो रंधेबुवा. रंधा मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, फक्त शेवटच्या घासणीचा त्याला कंटाळा. जीभही रंध्यासारखीच, समोरच्याची सालं काढणारी. विधुर माणूस, घरी बोलायला कुणी नाही, म्हणून सगळं कारखान्यात बोलून घ्यायचा. दोघं बरोबरच कामाला लागले, जेवायला शेजारी बसत, एकमेकांच्या डब्यात हात घालत, आणि दिवसातून चारदा भांडत.

"मखमल्या, तुझ्या हाताला एकदा खाज सुटू दे रे, म्हणजे कळेल."

"तुझ्या फळीवर घासतो ना मग. खाज लगेच भागेल."

अशी ही एकतीस वर्षांची जोडी. आता त्यात साखर कशी पडली ते ऐका.

मखमलला मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली होती. त्याने तो पाहुण्यासारखा वागवला. आलाय तर राहू दे कोपऱ्यात, आपण आपलं काम करावं. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. घरी बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचा आणि कारखान्यात त्याची भरपाई करायची. आधी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग जळजळ. मग एके दिवशी दोन्ही थांबलं, आणि हा खूश! "गेलं बघ," तो बायकोला म्हणाला, "म्हटलं नव्हतं, आपोआप जाईल?"

गेलं होतं ते दुखणं नव्हतं, पाय गेले होते. हे कळलं ते एका दुपारी, तो कारखान्यातून एकच चप्पल घालून घरी आला तेव्हा. दुसरी कुठे गळली याचा त्याला पत्ता नव्हता. तापलेल्या डांबरावरून एक पाय अनवाणी टाकत तो दोन चौक चालून आला होता, वाटेत भाजीवाल्याशी भांडलासुद्धा होता. बायकोने तळवा उलटा करून पाहिला. टाचेखाली रुपयाएवढा फोड.

"दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

ती पुढे काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मखमल घाबरतो. दुसऱ्या दिवशी गपगुमान तिच्यामागून दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, नीट बोलणाऱ्या, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा न सांगणाऱ्या. फोडाला पट्टी केली आणि म्हणाल्या, वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नसा खराब होतात, सगळ्यात लांबच्या आधी, म्हणून पायांपासून सुरुवात. गेलेली नस सहसा परत येत नाही, उरलेल्या जपता येतात. रोज तळवे बघायचे, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का पाहायचं, अनवाणी चालायचं नाही. मग त्यांनी एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक दोरा होता. "डोळे मिटा. पायाला दोरा लागला की हो म्हणा."

आता डोळे मिटून ओळखायचं म्हणजे मखमलचा प्रांत. तिथे नापास व्हायचं? तो डोळे मिटून बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की पायाला काहीच कळत नाही. पण कान शाबूत होते. डॉक्टरीणबाईंचं फिरतं स्टूल त्या पुढे वाकल्या की 'कुई' करायचं.

कुई. "हो."

कुई. "हो."

कुई. "हो, अंगठ्याला."

अंगठ्याला म्हणून त्याने ठोकून दिलं होतं, ते नेमकं बरोबर निघालं. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या, कागदावर काहीतरी लिहिलं. "मला वाटलं त्यापेक्षा बरं आहे. आणि हातांचं काय? बोटांना मुंग्या?"

"हातांना काय होतंय! हातांवर तर कारखाना चालतोय," मखमल म्हणाला आणि मग एकतीस वर्षांची कहाणी सांगून मोकळा झाला. बायको शेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. त्याच सकाळी त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं तिने लावून दिली होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या बाईंना फसवलंत, ठीक. त्या काय, दिवसाला पन्नास माणसं बघतात. पण पाय कुणाचे फसवलेत?"

"चल, रिक्षा बघ," तो म्हणाला.

तेव्हापासून ती रोज सकाळी त्याला खाटेवर बसवून दोन्ही तळवे चष्मा लावून बघायची. चपलांत हातही तीच फिरवायची. त्याला ते सांगितलंच नाही तिने, की हात फिरवून खडा शोधायचं काम आता घरात कुणाचं आहे ते.

हातांचं असं झालं की ते पायांसारखे एकदम गेले नाहीत. हळूहळू कुणीतरी आतून पातळ हातमोजा चढवत न्यावा, तसं. पहिल्या वर्षी बारीक कुसळ कळेनासं झालं. दुसऱ्या वर्षी जाडं. आणि इथे असा एक घोटाळा झाला की जो फक्त याच धंद्यातल्या माणसाच्या बाबतीत होऊ शकतो. कुणा शिंप्याचा हात बधिर झाला असता तर सुई टोचून, रक्त येऊन कळलं असतं. मखमलला उलटंच कळलं. त्याच्या हाताखाली येणारी प्रत्येक फळी दिवसेंदिवस जास्त गुळगुळीत लागायला लागली. आंधळ्याला निदान अंधार तरी दिसतो. याला सगळीकडे काच लागत होती.

माणूस फुलला. "माझ्या धाकाने सुधारलेत सगळे," तो बायकोला सांगायचा. कारखान्यात इतरांना दटावायचा, "पुरे रे, किती घासाल, काचपेपर काय झाडाला लागतो?" 'परत' हा शब्दच त्याच्या तोंडून यायचा बंद झाला. लोकांना आधी आश्चर्य वाटलं, मग आवडायला लागलं, मग कुजबुज सुरू झाली. मालकीणबाईंना मात्र वाटलं, काका वयाने निवळले.

आणि मग एका सकाळी ते झालं. सागवानी जेवणाचं टेबल तपासायला ठेवलं होतं. कुणीतरी घासता घासता चहाला गेला आणि काचपेपराचा एक ताव, खरखरीत बाजू वर, तसाच टेबलावर विसरला. मखमल आला. रिवाजाप्रमाणे बाह्या सारल्या, डोळे मिटले, तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. फळीवरून, मग त्या काचपेपरावरून, मग पुन्हा फळीवरून. सावकाश. चेहऱ्यावर तीच समाधी.

"मखमल!" तो म्हणाला.

अख्ख्या कारखान्यात रंध्याचासुद्धा आवाज राहिला नाही. त्याने डोळे उघडले. सहा माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने खाली पाहिलं. तळहाताला तांबडी वाळू चिकटली होती.

मखमल हुशार माणूस. पत्रा फाटल्यासारखा हसला. "काय तोंडं झालीत बघा एकेकाची! थट्टा कळत नाही रे तुम्हाला? मुद्दाम म्हटलं, बघू कुणाचं लक्ष आहे का. कोणी ठेवला हा कागद इथे? बेशिस्त!"

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. रंधेबुवा तेवढा हसला नाही. तो रंध्यातला भुसा फुंकत बसला आणि दुपारी डबा उघडताना हलकेच म्हणाला, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मखमल्या, मला सांगू नकोस. एकतीस वर्षं माझ्या फळ्यांनी तुझा हात ओळखलाय."

मखमलने हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाला, "वर्ष झालं. जास्तच." आणि मग त्याने जे करू नये ते केलं. रंधेबुवाचं मनगट धरलं. "मालकीणबाईंना सांगू नकोस. हा खडू गेला तर मी कोण रे? साखरेचा एक पेशंट."

रंधेबुवाला दया आली, हे खरं आहे. नंतर काय झालं ते झालं, पण त्या दुपारी त्याला दया आली. त्यानेच तोड काढली. मखमलने हात फिरवायचा, त्याआधी रंधेबुवाने माल इकडून तिकडे सरकवल्यासारखं करून तपासून ठेवायचा आणि मग शेजारीच उभं राहायचं. माल खरखरीत असला की रंधेबुवा खोकेल. एकदा खोकला की परत. गप्प राहिला की मखमल.

सहा महिने हे झकास चाललं. कारखान्यात लोकांना वाटलं बुवाची छाती बिघडली. मालकीणबाईंनी त्याला काढ्याची बाटलीसुद्धा आणून दिली. मखमलचा दरारा परत आला. 'परत' ऐकून लोक पुन्हा चरफडायला लागले, आणि ती चरफड ऐकून त्याला जिवात जीव आल्यासारखं वाटायचं. मात्र एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. चहा आता पहिला रंधेबुवाला जात होता. खिडकीजवळच्या जागेवर रंधेबुवाचा डबा असायचा. डब्यातला चांगला घास न मागता तिकडे सरकवावा लागायचा. आणि रंधेबुवाच्या स्वतःच्या मालावर रंधेबुवाला खोकला कधी म्हणून आला नाही.

"तुझं काम फारच सुधारलं रे," मखमल एकदा चाचरत म्हणाला.

"संगतीचा परिणाम," रंधेबुवा म्हणाला.

याच सुमाराला डॉक्टरीणबाईंची ऑर्डर आली. त्यांना दवाखान्यात पाय ठेवायला ठेंगणी, उतरती लाकडी स्टुलं हवी होती, चोवीस. पेशंटने अनवाणी पाय वर ठेवायचे आणि त्यांनी तपासायचे. लोखंडाच्या कडा लागतात, रेक्झिन फाटून त्याचे कोपरे टोचतात, म्हणून लाकूड. वर पॉलिश नको, पाय घसरतात. नुसता तेलाचा हात. म्हणजे जे काही होतं ते उघड्या लाकडाच्या घासणीवर होतं. "तुम्ही म्हणाला होतात ना, तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय काही बाहेर पडत नाही, म्हणून इथे आले," त्या मखमलला म्हणाल्या. "माझ्या पेशंटांच्या पायात कुसळ गेलं तर त्यांना कळत नाही. आठवड्याने वास यायला लागला की कळतं. मग मला बोट काढावं लागतं, कधी पाऊल."

मखमल छाती पुढे काढून "काळजीच सोडा" म्हणाला. पण ते 'वास यायला लागला की' त्याच्या डोक्यात बसलं.

काम रंधेबुवाकडे आलं. आठ दिवसांत चोवीस स्टुलं उभी राहिली, मखमलने डोळे मिटून चोवीस वेळा हात फिरवला, शेजारून खोकला आला नाही, आणि चोवीस खडूच्या खुणा झाल्या. आता नुसतं तेल लावायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मखमल भिंतीशी आडवा झाला. उशाला जे हाताला लागलं ते घेतलं. त्या चोवीसातलंच एक स्टूल. कुशीवर वळला, गाल लाकडावर टेकला आणि ताडकन उठून बसला. गालाला काहीतरी बोचलं होतं.

त्याने ते स्टूल पुढ्यात ओढलं. तळहात फिरवला, काच. वाकून पुन्हा गाल लावला, कुसळ. डोळ्यांच्या खाली, दाढीच्या खुंटांच्या वर, चार बोटांची जागा होती, आणि तिथे अजून सगळं जिवंत होतं. मखमलला रडावं की हसावं कळेना. आजूबाजूला कुणी जागं नाही असं पाहून तो गुडघ्यांवर रांगत एकेका स्टुलाला गाल लावत गेला. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा लाकडाचे मुके घेतोय म्हणून गावभर झालं असतं. चोवीसांपैकी नऊ. लाकडाच्या रेषांच्या उलट मारलेला रंधा, वर बारीक घासणी अर्धवट सोडलेली. नऊवर त्याच्या हातची खूण.

त्याने रंधेबुवाला हलवून उठवलं. "तू खोकला नाहीस."

"हं?"

"नऊ स्टुलं. कुसळं उभी आहेत. तू खोकला नाहीस."

रंधेबुवा उठून बसला, त्याने डोळे चोळले. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "एकतीस वर्षं, मखमल्या. एकतीस वर्षं तू माझं लाकूड सगळ्यांसमोर परत पाठवलंस. आता जरा माझंही जाऊ दे की. तेल लागल्यावर बसतात कुसळं."

"बसत नाहीत, तुला माहीत आहे. तिथे माणसं उघडे पाय ठेवणार. माझ्यासारखी."

"मग कर परत. म्हण ना. मी कुठे तोंड धरलंय?" रंधेबुवा गोड हसला. "फक्त बाईंनी विचारलं, काका, काल मखमल म्हणालात, आज परत कसं, तर काय सांगशील तेही ठरवून ठेव."

मखमल घरी गेला. बायकोने बघितलं आणि न विचारता ताट वाढलं. तो जेवला नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, "नऊ माणसांचं कुसळ माझ्या नावावर जाणार."

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग सांगा मालकीणबाईंना."

"सांगितलं तर मी गेलो."

"आणि आत्ता कुठे आहात हो तुम्ही? दुसऱ्याच्या घशात."

सकाळी मालकीणबाई माल बघायला खाली आल्या. सगळे गोळा झाले होते. "काय काका, लावायचं ना तेल?"

मखमलने खिशातला खडू चाचपला. रंधेबुवा दोन हातांच्या अंतरावर उभा होता, हात मागे बांधून. मखमल खाली बसला, पहिलं स्टूल ओढलं आणि सगळ्यांच्या देखत वाकून त्यावर गाल ठेवला. डोळे मिटले. सवयीने.

कुणीतरी फिसकन हसलं.

"मखमल," तो म्हणाला आणि दुसरं ओढलं. तिसऱ्याला थांबला. "परत." पाचवं, परत. सहावं, परत. आता कुणी हसत नव्हतं. गुडघ्यांवर पुढे सरकणारा तो म्हातारा, लाकडावर टेकलेलं त्याचं तोंड, आणि मधून मधून तो शब्द. नऊ वेळा. उठायला त्याला खांब धरावा लागला.

"काका, हे काय?" मालकीणबाई म्हणाल्या. "परवा तुम्हीच खुणा केल्यात ना?"

"हाताने केल्या. हात मेलेत, बाई." त्याने दोन्ही तळहात पुढे केले, जणू त्यावर काही दिसणार होतं. "साखरेने. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष? म्हणजे दीड वर्षात इथून जे गेलं..." त्यांचा चेहरा पांढरा पडला.

आणि इथे रंधेबुवा खोकला. या खेपेला नुसता घसा साफ करायला. "घाबरू नका, बाई," तो पुढे होऊन म्हणाला. "माल सगळा ठीक गेलाय. मी बघत होतो ना मागून. म्हटलं, जुना माणूस आहे, त्याची अब्रू कशाला घालवा. आपलं रोज याच्या आधी येऊन तपासायचं आणि गप्प बसायचं. ही नऊ आज मी काढणारच होतो वेगळी. विचारा त्याला, मी तपासत होतो की नाही."

मालकीणबाईंनी मखमलकडे पाहिलं. मखमल काय सांगणार? तपासत होता, हे खरं. गप्प बसायचा, हेही खरं. कधी गप्प बसायचा आणि कधी खोकायचा, हे सांगायचं तर सहा महिने आपण खोकल्याच्या तालावर नाचलो, हे सांगावं लागणार. नऊ कुसळं त्याने गालाने शोधून काढली होती, पण त्या सगळ्यांना दिसत होता तो फक्त दीड वर्ष फसवणारा माणूस आणि त्याच्यामागून निमूट निस्तरणारा दुसरा.

"तपासत होता," मखमल म्हणाला.

मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रंधेबुवासाठी होतं. "बुवा, तुम्ही म्हणून..." त्या म्हणाल्या आणि मखमलकडे न बघता हात पुढे केला. त्याने खडू दिला. तो हातातून सुटून खाली पडला आणि मोडला, ते त्याला इतरांच्या नजरेवरून कळलं. मालकीणबाईंनी वाकून मोठा तुकडा उचलला आणि रंधेबुवाला दिला.

त्याला काढलं नाही, हे मालकीणबाईंचं मोठेपण. फाटकाशी खुर्ची दिली. कोण आलं, कोण गेलं ते बघायचं. बायको म्हणाली, "बरं झालं, सावलीत बसाल, पाय वर ठेवाल." त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती चपलेत हात फिरवत राहिली. कारखान्यातल्या घासणीची खरखर फाटकापर्यंत ऐकू यायची. रंधेबुवा आता डोळे मिटून हात फिरवतो, म्हणे, आणि नवाच आहे म्हणून जरा लांबण लावतो. पहिल्याच दिवशी त्याने चार फळ्या परत पाठवल्या. त्यातली एक त्याची स्वतःची होती. ती पाठवताना त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता.

पाचव्या दिवशी भर दुपारी फाटकाशी टेंपो लागला. तेल लावलेली चोवीस स्टुलं भिंतीशी ओळीने आणून ठेवली. मखमल खुर्चीवरून उठला. टेंपोवाल्याला म्हणाला, "थांब जरा."

"का, काका?"

"थांब म्हटलं ना."

तो रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि पहिल्या स्टुलाला गाल लावला. येणारे जाणारे थबकले. टेंपोवाल्याला वाटलं म्हाताऱ्याला घेरी आली. आता खरं सांगायचं तर मखमलला त्या क्षणी काय हवं होतं? पेशंटांचे पाय वाचावेत असं तो मनात म्हणत होता, अगदी कळकळीने म्हणत होता. पण त्या कळकळीच्या खाली, जिथे माणूस स्वतःलाही बघू देत नाही तिथे, त्याला कुसळ हवं होतं. एक. चोवीसांत एक. मग तो फाटकातून ओरडला असता, मग बाई खाली आल्या असत्या.

पहिलं झालं. दुसरं. सातवं, आठवं. तिरप्या कडेला, खालच्या बाजूला, सांध्यात, जिथे बुवा हमखास आळस करायचा तिथे तिथे त्याने गाल घासला. तेलाने तोंड चमकायला लागलं. पंधरावं. विसावं. लाकूड असं लागत होतं की त्याच्या एकतीस वर्षांत इतकं एकसारखं काम त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं. रंधेबुवा उभ्या जन्मात असं घासला नव्हता. आता खुणेवर त्याचं नाव होतं ना.

चोवीसावं संपलं तेव्हा रंधेबुवा फाटकात येऊन उभा होता. भुसा झटकत. किती वेळ बघत होता कोण जाणे.

"सापडलं का रे काही?"

मखमल खालीच बसलेला. "नाही."

रंधेबुवा तिथेच थांबला. वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल. एवढ्या वर्षांची ओळख. "नीट बघ," तो म्हणाला. "घाई नाही टेंपोला. त्या बाजूच्या गालाने बघ एकदा."

आणि मखमलने बघितलं. टेंपोवाला, दोन बायका, सायकल धरून उभा असलेला एक माणूस, सगळ्यांसमोर त्याने मान वळवली, दुसरा गाल लावला आणि शेवटच्या स्टुलापासून पहिल्यापर्यंत उलटा गेला. तिथेही काही नव्हतं.

"भर," तो टेंपोवाल्याला म्हणाला. उठताना त्याने हात पुढे केला, रंधेबुवाने तो धरून त्याला उभं केलं. घट्ट धरला होता की सैल, ते मखमलला सांगता आलं नसतं.